दोन हजेरीपटांवर एकच नाव

वर्धा शहराच्या कडेला वाढत वाढत शहरातच मिसळून गेलेले बोरगाव मेघे मोठ्या मजेशीर जागी वसले आहे. त्याच्या पूर्वेला सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. पश्चिमेला पुलगाव आहे आणि तिथे देशातले सर्वांत मोठे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. अहिंसेचा आश्रम आणि तोफगोळ्यांचे कोठार एकाच जिल्ह्यात नांदतात, त्यामुळे इथल्या माणसाला फौज ही लांबची, सिनेमातली गोष्ट वाटत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागली आणि दोन अधिकाऱ्यांसह पंधरापेक्षा जास्त माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे कर्मचारी होते आणि डीएससीचे, म्हणजे संरक्षण सुरक्षा दलाचे जवानही होते. डीएससीत बहुतेक जण फौजेतून एकदा निवृत्त होऊन पुन्हा वर्दी चढवलेले असतात.

'पोरगा फौजेत आहे' असे कोणी म्हटले की आपल्याला दिसतो तो सरहद्दीवरचा जवान. वर्षातून एक-दोनदा ट्रंक घेऊन सुट्टीवर येणारा, पंधरा-वीस वर्षांनी पेन्शन घेऊन परतणारा. पण वर्दीचा आणखी एक प्रकार आहे. त्यातला माणूस एरवी बँकेच्या काउंटरवर बसतो, शाळेत शिकवतो, पोलाद कारखान्यात पाळी करतो किंवा पऱ्हाटी लावतो, आणि वर्षातले काही आठवडे सैनिक असतो. त्याचे नाव दोन हजेरीपटांवर असते. सरकारी कागदांत त्याच्या दलाला प्रादेशिक सेना म्हणतात. त्यातली माणसे मात्र नुसते 'टीए' म्हणतात.

या दोन हजेरीपटांचा मेळ कसा बसतो, कायदा त्यात कुठवर साथ देतो आणि कुठे सोडून देतो, हे या प्रकरणात पाहू. तो माणूस वर्दीत असताना त्याचे रोजचे काम कोण करते, हा प्रश्न मात्र सतत बरोबर ठेवायचा आहे. सगळ्या हिशेबाची किल्ली तिथेच आहे.

अर्धवेळ सैनिकाची पूर्वपीठिका

पहिल्या महायुद्धात इंग्रजांना माणसांची टंचाई भासली, तेव्हा भारतातल्या नागरिकांना थोडे प्रशिक्षण देऊन राखीव ठेवण्याची कल्पना पुढे आली. १९२० साली त्यासाठी कायदा झाला आणि 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' उभी राहिली. महाविद्यालयांत तिचीच धाकटी बहीण म्हणावी अशी विद्यापीठ प्रशिक्षण तुकडी होती. स्वातंत्र्यानंतर या दोन धाग्यांतून दोन संस्था विणल्या गेल्या. १९४८ च्या एका कायद्याने एनसीसी आली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने प्रादेशिक सेना. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्रादेशिक सेनेचे उद्घाटन केले. तो दिवस आजही टीए दिन म्हणून पाळला जातो.

या सेनेमागचा विचार साधा आहे. युद्ध रोज होत नाही, मग प्रत्येक सैनिकाला बारा महिने पगार देऊन ठेवायचे कशाला? काही माणसे आपापल्या धंद्यात राहोत, दरवर्षी थोडा सराव करोत आणि गरज पडली की वर्दी चढवोत. म्हणून टीएत अधिकारी व्हायचे तर पहिली अट हीच की अर्जदाराचे स्वतःचे कमाईचे साधन हवे. नोकरी चालेल, स्वतःचा व्यवसायही चालेल. वय १८ ते ४२. पदवी हवी. लेखी परीक्षा, मुलाखत, सेवा निवड मंडळाच्या चाचण्या आणि वैद्यकीय तपासणी या पायऱ्या नियमित फौजेसारख्याच कडक आहेत. स्त्रियांसाठी हे दार बराच काळ जवळजवळ बंद होते. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द असतील तर त्यात स्त्रीही आली, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये दिला, तेव्हा ते नीट उघडले.

टीएच्या पलटणी दोन तऱ्हांच्या असतात. एक पायदळाची, नियमित रेजिमेंटशी जोडलेली. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या. नागपूरचा सीताबर्डी किल्ला नागपूरकरांना ग्रेनेडियर्सच्या ११८ व्या टीए बटालियनचे ठाणे म्हणून माहीत आहे. दुसरी तऱ्हा खात्यांची. रेल्वे, तेल कंपन्या, तेल व वायू उत्खनन अशा ज्या सेवा युद्धात बंद पडून चालत नाहीत, त्यांच्याच कर्मचाऱ्यांमधून या पलटणी उभ्या राहतात. तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची अशी एक बटालियन नागपूरजवळ कामठीला आहे. शिवाय माजी सैनिकांच्या पर्यावरण बटालियन आहेत. त्यांतली १३६ वी छत्रपती संभाजीनगरच्या उजाड टेकड्यांवर झाडे लावते.

मराठी वाचकाला टीएतला सर्वांत ओळखीचा चेहरा म्हणजे नाना पाटेकर. 'प्रहार' या १९९१ च्या चित्रपटासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीसोबत सराव केला, टीएत कॅप्टन झाले आणि १९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी पुन्हा वर्दीत दाखल झाले. महेंद्रसिंह धोनीला २०११ साली मिळालेला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मानद आहे. तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याने काश्मीरमध्ये आपल्या पलटणीसोबत ड्युटी केली. सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर मात्र खासदार असताना निवड प्रक्रियेतून कमिशन मिळवलेले टीए अधिकारी आहेत. ही नावे कौतुकाची खरी. पण नट, क्रिकेटपटू किंवा खासदार पंधरा दिवस कामावर दिसला नाही म्हणून त्याला मेमो द्यायला कोणी बसलेले नसते. सामान्य नोकरदाराच्या वाट्याला येणारी अडचण त्यांच्या उदाहरणावरून कळत नाही.

वर्षातले दोन महिने

टीएचे वेळापत्रक पलटण कोणत्या प्रकारची आहे यावर ठरते. शहरी पलटणीत सराव शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी होतो. त्याच्या जोडीला सलग चौदा दिवसांचे शिबिर असते. नोकरी करणाऱ्याला ही रचना त्यातल्या त्यात सोयीची. प्रांतीय पलटणीत माणसे दूरदूरच्या गावांतली असतात, दर रविवारी त्यांना एकत्र आणणे शक्य नसते, म्हणून सराव सलग घेतात. भरतीच्या वर्षी तीस दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि पुढे दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर. अधिकाऱ्याला याशिवाय पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचे प्रशिक्षण असते, तेही डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत.

वर्दीत असेपर्यंत हुद्द्याप्रमाणे फौजेचा पगार आणि भत्ते मिळतात. शिबिर संपले की ते बंद. पेन्शनला अधिकाऱ्याची वीस वर्षे आणि जवानाची पंधरा वर्षे प्रत्यक्ष वर्दीतली सेवा लागते. आता हिशेब करा. वर्षाला दोन महिने या वेगाने पंधरा वर्षांची सेवा भरायला नव्वद वर्षे लागतील. म्हणजे निव्वळ शिबिरे करणाऱ्याला टीएची पेन्शन कधीच मिळणार नाही. ज्याची पलटण वर्षानुवर्षे कामावर बोलावलेली राहते त्यालाच ती मिळते. भरती मेळाव्याला हजारोंनी जमणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना हे कोणी सांगते? टीए म्हणजे दुसरी नोकरी. पहिली नसेल तर तिचा आधार धरून उभे राहता येत नाही.

बोरगाव मेघेतला एक तरुण आपण कल्पनेने समोर धरू. तो सरकारी कार्यालयात लिपिक आहे. पलटणीचे बोलावणे आले की तो अर्ज करतो. सरकारी सेवानियमांत अशा प्रशिक्षणाला जागा आहे आणि त्या काळामुळे सेवेत खंड पडत नाही. त्याच्या टेबलावरच्या फायली शेजारच्या टेबलावर सरकतात. शेजारचा कुरकुरतो, पण जग चालते. हाच तरुण खासगी कारखान्यात कंत्राटावर असला तर दोन महिन्यांनी परत आल्यावर त्याच्या यंत्रावर दुसरा माणूस उभा असू शकतो.

आणि तो शेतकरी असला तर? वर्ध्याची शेती कापूस, सोयाबीन आणि तुरीची. मृगात पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारणी. पोळा झाला की सोयाबीन पिवळे पडू लागते. दसऱ्याच्या आगेमागे त्याची सोंगणी. सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा निघतो आणि पुढे वेचण्या संक्रांत ओलांडून जातात. या वर्षात सलग दोन महिने मोकळे सापडतात ते एप्रिल-मे, वखरणीच्या आधीचे. शिबिराची तारीख मात्र पलटण ठरवते, पऱ्हाटी ठरवत नाही. वेचणीच्या तोंडावर बोलावणे आले तर बोंडे झाडावर वाट पाहत नाहीत. अवकाळी पाऊस आला की कापूस भिजतो, त्याची प्रत जाते आणि भाव पडतो.

शिवाय आजच्या शेतीत कागद आणि मोबाइल हीही हंगामी कामे झाली आहेत. ई-पीक पाहणीसाठी ठरलेल्या मुदतीत शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. ती नोंद नसली तर विमा आणि सरकारी खरेदी या दोन्ही ठिकाणी अडचण येते. छावणीतून ते करता येत नाही. भावाला, वडिलांना किंवा बायकोला करावे लागते.

कायदा काय देतो

प्रादेशिक सेना कायद्यात नोकरदाराच्या संरक्षणासाठी '७-अ' हे कलम आहे. टीएत जाऊ इच्छिणाऱ्याने ते भरतीच्या जाहिरातीपेक्षा जास्त काळजीने वाचावे.

त्याचा आशय असा. लष्करी सेवेसाठी बोलावणे आलेल्या कर्मचाऱ्याला कामावर परत घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि सेवेत खंड पडला नसता तर त्याला ज्या अटी लागू झाल्या असत्या त्यांहून कमी प्रतीच्या अटींवर घेता येणार नाही. हे शब्द महत्त्वाचे आहेत. जाताना जी जागा होती तीच मिळेल एवढेच त्यांत नाही. मधल्या काळात पगारवाढ झाली असेल तर तीही त्यात आली. पुढचे '७-ब' कलम भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क शाबूत ठेवते.

आता दुसरी बाजू. मालकाने परत घ्यायला नकार दिला किंवा 'आता ते शक्य नाही' असे म्हटले, तर प्रकरण नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्यापुढे जाते. तो तीनपैकी एक आदेश देऊ शकतो. मालकाला मोकळे करणे, माणसाला परत घ्यायला लावणे, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई देववणे. आदेश न पाळणाऱ्या मालकाला दंड एक हजार रुपयांपर्यंत. ही रक्कम १९५० च्या दशकातली आहे आणि तेव्हा ती खरोखर बोचणारी असेल. आज तेवढ्या पैशांत कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी दोन दिवस मिळतो.

कलम वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्यातल्या प्रत्येक वाक्यात मालक आहे. ज्याला मालकच नाही त्याच्यासाठी या कलमात काही नाही. भरतीच्या वेळी शेतकरी, दुकानदार, वकील, गॅरेजवाला या सगळ्यांची कमाई 'कमाईचे साधन' म्हणून चालते. परत आल्यावर त्यांची गिऱ्हाइके परत मिळवून देणारा प्राधिकारी मात्र कोणी नाही. ज्या गावात पगारदारांइतकीच स्वतःच्या हिमतीवर पोट भरणारी माणसे राहतात, तिथे हे छिद्र लहान म्हणता येत नाही.

न्यायालयांनी काही बाबतींत टीएच्या जवानाला नियमित सैनिकाच्या पंगतीत बसवले आहे. पाणी राम यांचा खटला त्यातला महत्त्वाचा. फौजेत सुमारे पंचवीस वर्षे काढून ते टीएच्या पर्यावरण बटालियनमध्ये दाखल झाले. २००९ साली सुट्टीवर असताना अपघात झाला आणि पाय कापावा लागला. अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती त्यांना मंजूर केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीचे. पुढे ते सरन्यायाधीश झाले. पर्यावरण बटालियनचा जवान टीएचाच सदस्य आहे, आणि हक्क द्यायची वेळ आली की त्याला वेगळे काढता येणार नाही, हा त्या निकालाचा सारांश. तो मिळवायला मात्र माणसाला दिल्लीपर्यंत जावे लागले.

बोलावणे लांबते तेव्हा

आतापर्यंत आपण शिबिराचा हिशेब केला. खरी परीक्षा पुढे आहे. टीएच्या बोलीभाषेत 'एम्बॉडी' होणे म्हणजे पलटणीला प्रत्यक्ष कामावर बोलावणे. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत टीएच्या तुकड्या होत्या. श्रीलंकेतल्या मोहिमेत, पंजाबात, काश्मीरमध्ये, ईशान्येत आणि कारगिलच्या वेळीही होत्या. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव पेटला असताना केंद्राने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिले. पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ कामावर ठेवण्याची तरतूद त्या आदेशात होती आणि आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांची होती.

तीन वर्षे हा शब्द नोकरीच्या चष्म्यातून पाहा. चौदा दिवस सहकारी सांभाळून घेतात. दोन महिने कुरकुरत निघतात. तीन वर्षांत कार्यालयातले संगणक बदलतात, साहेब बदलतात, बढतीची यादी लागून जाते. कायद्याने खुर्ची परत मिळते. त्या खुर्चीवरून रोज थोडे थोडे जमत जाणारे ज्ञान आणि ओळखी मात्र आदेश काढून मिळत नाहीत.

दोन हजेरीपट एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर काय होते, याचे सर्वांत कठीण उदाहरण रेल्वेतले आहे. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरातल्या रेल्वे कामगारांनी संप पुकारला. सुमारे १७ लाख कर्मचाऱ्यांच्या रेल्वेत तो जवळजवळ तीन आठवडे चालला. गाड्या चालू ठेवण्यासाठी सरकारने जे उपाय योजले त्यांत रेल्वेच्या टीए तुकड्यांना बोलावणे हा एक होता. या तुकड्यांतली माणसे कोण होती? रेल्वेचेच कामगार. फायरमन, फिटर, पॉइंट्समन. वर्धा म्हणजे जंक्शन, मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन मोठ्या मार्गांचे. इथे रेल्वे हा कित्येक घरांच्या चुलीशी संबंध असलेला विषय, म्हणून इथल्या वाचकाला ही कोंडी समजावून सांगावी लागणार नाही. युनियनचा सभासद म्हणून ज्याने काम थांबवायचे, त्यानेच सैनिक म्हणून ते चालवायचे. संपात राहिला तर लष्करी शिस्तीचा भंग. कामावर गेला तर क्वार्टर्सच्या चाळीत पुढची वीस वर्षे तोंड दाखवायचे. वेळापत्रक कितीही काटेकोर आखले तरी हा प्रश्न सुटत नव्हता, कारण तो वेळेचा नव्हताच. खात्याच्या टीएत शिरणाऱ्याने आपण कोणाच्या बाजूने सही करतो आहोत हे आधी ओळखलेले बरे.

गावातले इतर दोन हजेरीपट

बोरगाव मेघेत टीएतला माणूस शोधावा लागेल, पण दोन हजेरीपटांचे जगणे शोधावे लागत नाही. होमगार्ड घ्या. डिसेंबर १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात हे दल सुरू झाले आणि १९४७ च्या कायद्याने त्याला चौकट मिळाली. ब्रीद 'निष्काम सेवा'. लष्कराशी त्याचा थेट संबंध नाही, ते पोलिसांचे सहायक. गणपती, दुर्गादेवी, निवडणुका, यात्रा, सगळ्या बंदोबस्तांत खाकीतली ही मंडळी दिसतात. एरवी कोणी ऑटो चालवतो, कोणी सेंट्रिंगच्या कामावर जातो. पैसे ड्युटीच्या दिवसापुरते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की होमगार्डचा भत्ता असा असावा की तीस दिवसांची बेरीज पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतकी व्हावी. महाराष्ट्रात तो दर २०२४ च्या अखेरीस दिवसाला १,०८३ रुपये झाला. इथे गंमत उलटी होते. दर वाढला की रोजमजुरीपेक्षा बंदोबस्त परवडतो, आणि ड्युटी कमी दिवस मिळते हीच तक्रार उरते.

दुसरे उदाहरण महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचे. एनसीसीची तुकडी सांभाळणारे मराठीचे किंवा रसायनशास्त्राचे सर 'लेफ्टनंट' असतात, पुढे 'कॅप्टन', 'मेजर' होतात. त्यांचे प्रशिक्षण होते कामठीच्या अकादमीत, वर्ध्याहून रेल्वेने सकाळी निघून दुपारी पोचता येईल अशा ठिकाणी. परेड पहाटे, तास अकराला, शिबिर दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत. ही व्यवस्था इतकी सुरळीत चालते की तिला कोणी ओढाताण म्हणत नाही. कारण उघड आहे. एनसीसी महाविद्यालयाच्याच कामात मोडते, म्हणून दोन्ही हजेरीपट एकाच छपराखाली येतात आणि प्राचार्यांनाही तुकडी हवी असते. मालकाला आपला फायदा दिसला की संतुलन आपोआप जमते, एवढा धडा टीएने इथून घ्यावा.

दुसरीकडे काय करतात

अमेरिकेत नॅशनल गार्ड आणि राखीव दलातला सैनिक महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे देतो. १९९४ च्या कायद्याने एका मालकाकडे एकूण पाच वर्षांपर्यंतची लष्करी अनुपस्थिती सुरक्षित केली आहे. माणूस परत येतो तेव्हा तो कामावरच असता तर जिथे पोचला असता तिथे त्याला बसवायचे, असे तत्त्व तिथल्या न्यायालयांनी पक्के धरले आहे. आपल्या '७-अ'चा आशय यापेक्षा फार वेगळा नाही. फरक दंडाच्या आणि अंमलाच्या वजनात आहे.

स्वित्झर्लंड त्याच्या पुढे गेले. तिथे बहुतेक पुरुषांना तरुणपणी दरवर्षी साधारण तीन आठवडे उजळणी-शिबिर असते. त्या काळात उत्पन्नाच्या ८० टक्के रक्कम एका विमा निधीतून मिळते. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेल्या या व्यवस्थेत कामगाराच्या पगारातून आणि मालकाकडूनही थोडा थोडा हप्ता घेतला जातो. मालकाने पगार चालू ठेवला तर भरपाई मालकाला जाते, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही ती मिळते. सिंगापुरात राखीव सैनिकाला वर्षाला चाळीस दिवसांपर्यंत बोलावता येते आणि तिथेही बुडालेल्या कमाईची भरपाई सरकार करते. इस्रायलमध्ये राखीव सेवेतल्या दिवसांचा मोबदला राष्ट्रीय विमा संस्था भरते. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे तीन लाखांहून जास्त राखीव सैनिक एकदम बोलावले गेले, तेव्हा पैसे मिळत असूनही लहान धंदे लंगडले, कारण पगार भरून निघाला तरी माणूस भरून निघत नाही.

या देशांत सेवा सक्तीची किंवा फार मोठ्या प्रमाणावरची आहे, आपल्याकडे ती ऐच्छिक. तरी एक गोष्ट सरळ उचलण्यासारखी आहे. शेतकऱ्याच्या बुडालेल्या वेचणीची आणि चार माणसांच्या गॅरेजमालकाच्या रिकाम्या जागेची किंमत देशाने मोजायची, त्या एकट्या घराने नाही. टीएची एकूण संख्या चाळीस-पन्नास हजारांच्या घरातली. असा निधी देशाच्या तिजोरीला जड जाण्याचे कारण दिसत नाही.

निघण्यापूर्वी

कायदा बदलेपर्यंत घरच्या घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. नोकरदाराने बोलावण्याचे पत्र हातात पडताच त्याची प्रत कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी 'साहेबांना सांगितले आहे' याला नंतर किंमत उरत नाही. रजा कोणत्या प्रकारची, पगाराचे काय, भविष्य निर्वाह निधीचा हप्ता कोण भरणार, हे लेखी घ्यावे. परतताना पलटणीचे सेवा-प्रमाणपत्र जोडून हजर व्हावे. आपल्या कामाची यादी, किल्ल्या आणि अडलेल्या फायली शेजारच्या सहकाऱ्याला समजावून द्याव्यात आणि त्याच्या दिवाळीच्या सुट्टीत आपण जास्त ड्युटी करावी. कोणत्याही कलमापेक्षा हा सौदा जास्त टिकतो.

शेतकऱ्याने आणि दुकानदाराने बँक खाते जोडीने ठेवावे. कर्जाचे हप्ते, पीक विमा, ई-पीक पाहणी आणि कापूस खरेदीची नोंदणी यांच्या तारखा घरातल्या एका जबाबदार माणसाकडे सोपवाव्यात. जिथे स्वतःची सही लागते तिथे मुखत्यारपत्र आधीच करून ठेवावे. ज्या वर्षी पलटण लांबवर जाण्याची चिन्हे असतील त्या वर्षी सालदार ठेवणे किंवा अर्धे शेत बटईने देणे हा तोट्याचा वाटणारा निर्णय बहुधा फायद्याचा ठरतो.

टीएच्या अर्जाला मालकाचे ना-हरकत पत्र जोडावे लागते. घरच्यांचे पत्र कोणी मागत नाही. खरे तर ते आधी लिहून घ्यायला हवे. वर्दीतल्या माणसाला पगार मिळतो, हुद्दा मिळतो, ९ ऑक्टोबरला भाषणात उल्लेख मिळतो. त्याच्या वाट्याची पाळी करणारा फिटर, फवारणीचा पंप पाठीवर घेणारा भाऊ आणि दोन महिने घर, सासू-सासरे आणि बँक सांभाळणारी बायको यांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर होत नाही. त्यांची तयारी नसेल तर त्या माणसाने टीएत जाऊ नये. आणि ती असेल, तर देशाची राखीव फौज तीच आहे, हे आपल्या कायद्याने एकदा कबूल करून तिचा हिशेब मांडायला घ्यावा.